इंडियानाचा बास्केटबॉल-शौकीन का चिडतो?

बास्केटबॉल हा खेळ आपल्या हायस्कुलांना आता नवा राहिलेला नाही. दोन खांब, दोन कड्या आणि एक चेंडू एवढे जमले की पाच-पाच मुलांचे दोन संघ उभे राहतात. आपल्याकडे हा बहुतेक ठिकाणी शाळेच्या तासाचा खेळ. पण अमेरिकेत इंडियाना नावाचे राज्य आहे. तिथे तो गावाच्या इभ्रतीचा खेळ आहे. माणूस शेतावर असो, कारखान्यात असो की शाळेत शिकवीत असो, हिवाळा लागला की त्याच्या तोंडी हाच विषय. आणि मौज अशी की, गेली पंचवीस वर्षे हा विषय निघाला म्हणजे तो खुशीने कमी आणि चिडून जास्त बोलतो. राज्याच्या विद्यापीठाचा संघ हे त्याच्या चिडण्याचे कारण. त्याची तक्रार थोडक्यात अशी: चांगली पोरे आपल्याकडे येत नाहीत, आलीच तर त्यांना कोणी नीट शिकवीत नाही, आणि ज्यांना शिकवायला आणतो ते गुरुजीच टिकत नाहीत. या तक्रारीत खरे किती, आणि तिच्या मुळाशी काय आहे, ते आज पाहू.

आधी हा खेळ तिथे एवढा रुजला कसा, ते सांगितले पाहिजे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर बर्फ, मुले घरात कोंडलेली; तेव्हा त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला ठोकल्या आणि चेंडू त्यांत टाकायला लावला. इंडियाना हा मक्याच्या शेतीचा मुलूख. तिथे हिवाळा कडक आणि गावे लहान. अमेरिकन फुटबॉलला अकरा गडी लागतात. लहान शाळेत तेवढी तयार मुले मिळायची कुठून? बास्केटबॉलला पाच पुरतात. शेतीची कामे थंडावलेली, संध्याकाळी करमणूक दुसरी नाही, आणि शाळेच्या व्यायामशाळेत दिवे लागलेले. मग सारे गाव तिथे लोटायचे. न्यूकॅसल या लहानशा गावात शाळेच्या मुलांच्या सामन्यांसाठी आठ हजारांवर माणसे बसतील एवढे बंदिस्त क्रीडागृह आहे, यावरून काय ते समजावे.

१९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या शाळेने राज्याची स्पर्धा जिंकली. शाळेची पटसंख्या अवघी १६१. अंतिम सामन्यात समोर मन्सी शहराची भली मोठी शाळा. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्प या मुलाने चेंडू टाकला आणि ३२ विरुद्ध ३० गुणांनी मायलन जिंकले. त्या काळी लहान-मोठ्या सर्व शाळांची स्पर्धा एकच असे. १९९७ नंतर पटसंख्येप्रमाणे गट पाडले गेले. मायलनची गोष्ट मात्र अजून घरोघरी सांगतात. आपल्यातलाच पोरगा, आपल्यासमोर वाढला, आणि त्याने गावाचे नाव काढले, असा त्या गोष्टीचा गाभा. हा गाभा ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या चिडचिडीची किल्ली त्यात आहे.

अमेरिकेत ज्याला 'कॉलेजचा संघ' म्हणतात तो बहुधा विद्यापीठाचा संघ असतो. इंडियाना विद्यापीठ ब्लूमिंग्टन या गावी आहे. त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले: १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७. यांतली शेवटची तीन बॉब नाइट या प्रशिक्षकाच्या हाताखाली. १९७६ च्या संघाने ३२ सामने खेळून ३२ जिंकले. त्यानंतर २०२५ पर्यंत तरी दुसऱ्या कोणत्याही पुरुष-संघाला सबंध हंगाम अपराजित राहून हे पद घेता आलेले नाही.

नाइट १९७१ मध्ये आले आणि २९ वर्षे राहिले. त्यांची शिकवण अशी की, ठरीव चाली पाठ करू नका. समोरचा गडी काय करतो ते वाचा. तो मागे राहिला तर फेका, अंगावर आला तर त्याच्या मागून निसटा, सोबत्याला आडोसा द्या, चेंडू हलता ठेवा. ऐकायला सोपे, पण पाच जणांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसायला लागायची म्हणजे वर्षे जातात. मुलाने चार वर्षे राहावे, वर्गात बसावे आणि पदवी घ्यावी यावर त्यांचा कटाक्ष होता. मात्र या माणसाचा संताप भयंकर. १९८५ च्या फेब्रुवारीत भर सामन्यात त्यांनी खुर्ची उचलून मैदानावर भिरकावली. पुढे सरावात एका खेळाडूच्या गळ्याला त्यांनी हात घातल्याचे चित्रण बाहेर आले, विद्यापीठाने सक्त ताकीद दिली, आणि २००० च्या सप्टेंबरात त्यांना काढून टाकले. गुरू कितीही मोठा असला तरी शिष्याच्या अंगावर हात टाकण्याचा परवाना त्याला मिळत नाही, हे विद्यापीठाला उशिरा का होईना मान्य करावे लागले. शौकिनांचे मात्र त्या दिवसापासून दोन तट पडले, आणि पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकाला नाइटच्या मापाने मोजायची सवय लागली.

आता खेळाडू मिळवायचे कसे, ते पाहू. आपल्याकडे मूल कॉलेजात प्रवेश घेते आणि मग संघाच्या निवडीला जाते. तिथे उलटे आहे. प्रशिक्षकच मुलाच्या दारात जातो. मुलगा आठवी-नववीत असतानाच त्याच्यावर नजर असते. हिवाळ्यात शाळेचे सामने आणि उन्हाळ्यात फिरत्या संघांच्या स्पर्धा. या स्पर्धांना बुटांच्या मोठ्या कंपन्या पैसा पुरवतात. तिथे प्रशिक्षकांची रांग लागते. कोणी आईशी बोलतो, कोणी शाळेच्या शिक्षकाला गाठतो. मुलाला विद्यापीठ दाखवायला नेतात. पुढे खर्चाची सबंध शिष्यवृत्ती देऊ करतात. २०२५ पर्यंत पुरुषांच्या एका संघाला अशा १३ शिष्यवृत्त्याच देता येत. म्हणजे दरसाल तीन-चार जागा, आणि त्यांच्यासाठी देशभर धावाधाव. जाणकार म्हणवणारे लोक मुलांना तारे देतात, पाच तारे म्हणजे उत्तम, आणि शौकीन ती यादी बाजारभावासारखी रोज वाचतो.

तक्रारीचा पहिला भाग असा की, घरची पोरे दुसरीकडे जातात. हे खोटे नाही. इंडियानापोलिसच्या एकाच शाळेतले ग्रेग ओडन आणि माइक कॉनली हे दोन मातबर खेळाडू शेजारच्या ओहायो राज्याच्या विद्यापीठात गेले आणि २००७ मध्ये त्यांनी तो संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. वॉशिंग्टन नावाच्या लहान गावातले तीन झेलर बंधू घ्या. थोरला ल्यूक नोटर डेमला गेला, मधला टायलर नॉर्थ कॅरोलायनाला. धाकटा कोडी तेवढा २०११ मध्ये ब्लूमिंग्टनला आला. आणि गॉर्डन हेवर्ड? या मुलामागे मोठी विद्यापीठे फारशी धावली नाहीत. तो इंडियानापोलिसमधल्या बटलर या लहान विद्यापीठात गेला, आणि २०१० साली बटलर राष्ट्रीय अंतिम सामन्यात जाऊन पोचले. तो सामना ते अवघ्या दोन गुणांनी हरले. हेवर्डने मैदानाच्या मध्यावरून फेकलेला शेवटचा चेंडू कडीवर आपटून बाहेर पडला. आपल्या बांधावरचे पीक शेजाऱ्याच्या खळ्यात पडलेले पाहून कोणाच्याही पोटात दुखेल.

पण इथे शौकिनाची आठवण थोडी लबाडी करते, बरं का. नाइटच्या सोन्याच्या दिवसांतही घरची पोरे निसटत होतीच. लॅरी बर्ड हा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू याच राज्यातल्या फ्रेंच लिक या खेडेगावचा. १९७४ मध्ये तो ब्लूमिंग्टनला आला, एवढ्या मोठ्या विद्यापीठात त्याचा जीव रमला नाही, आणि महिना भरायच्या आत घरी परत गेला. नंतर तो टेरे होट गावच्या इंडियाना स्टेट या दुसऱ्या विद्यापीठातून खेळला आणि १९७९ मध्ये त्या संघाला त्याने अंतिम सामन्यापर्यंत नेले. उलट १९८१ च्या अजिंक्य संघाचा नायक आयझेया थॉमस हा शिकागोचा. आणि १९८७ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणांत विजयी चेंडू टाकणारा कीथ स्मार्ट हा दूरच्या लुइझियाना राज्यातला! त्याच संघातला स्टीव्ह अल्फर्ड मात्र न्यूकॅसलचा, म्हणजे घरचा. तेव्हा विजय केवळ घरच्या पोरांनी आणला असे नाही. बाहेरची पोरेही तिथे राहून घरची झाली, हे अधिक खरे.

दुसरा भाग भरतीतल्या गैरप्रकारांचा. २००६ मध्ये केल्व्हिन सॅम्पसन यांना प्रशिक्षक नेमले. शिकवण्यात ते वाकबगार. पण आधीच्या ओक्लाहोमा विद्यापीठात असताना त्यांच्या विभागाकडून मुलांना नियमाबाहेर ५७७ फोन झाल्याचे उघडकीस आले होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर बंधने घातली होती. तरी विद्यापीठाने त्यांना घेतले. ब्लूमिंग्टनमध्ये पुन्हा तोच प्रकार घडला आणि २००८ च्या फेब्रुवारीत, हंगाम चालू असतानाच, त्यांना जावे लागले. संघ विस्कटला. पुढच्या प्रशिक्षकाने, टॉम क्रीन यांनी, जवळजवळ रिकाम्या घरात संसार मांडला. पहिल्या हंगामात ६ विजय आणि २५ पराभव! ज्या विद्यापीठाला आपल्या नियमनिष्ठेचा अभिमान, त्याच्या वाट्याला हे यावे याची लाज शौकिनाला पराभवापेक्षा जास्त वाटली. आणि दैवाची थट्टा पाहा. २०१२ मध्ये फोनवरची बंधने बरीचशी उठवली गेली, आणि हेच सॅम्पसन पुढे ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ घेऊन २०२५ च्या अंतिम सामन्यात उतरले.

तिसरा भाग शिकवण्याचा, आणि तो शिक्षक-श्रोत्यांना ओळखीचा वाटेल. हुशार मुले निवडून वर्गात बसवणे हे एक काम, आणि बसलेल्या मुलांना हुशार करणे हे दुसरे. बियाणे आणि मशागत यांत जो फरक, तोच. क्रीन यांच्या काळात मशागतीचे एक उत्तम उदाहरण घडले. मेरीलँड राज्यातला व्हिक्टर ओलाडिपो हा मुलगा आला तेव्हा त्याचा फारसा बोलबाला नव्हता. तीन वर्षांत तो असा तयार झाला की, २०१३ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा सबंध देशात त्याचा क्रमांक दुसरा लागला. गाजावाजात आलेला कोडी झेलर चौथा. पण त्याच वर्षी हे दोघे ज्या संघात होते तो संघ शेवटच्या सोळांत सिरॅक्यूज विद्यापीठाकडून ६१-५० असा हरला. सिरॅक्यूजचे गडी माणसामागे धावत नसत. दोन पुढे, तीन मागे असे उभे राहून प्रत्येक जण आपापली जागा राखी. ही त्यांची जुनी, जगजाहीर पद्धत. अशी भिंत फोडायला चेंडू झटपट मध्यभागी घालावा लागतो आणि लांबून अचूक फेकावा लागतो. त्या रात्री दोन्ही साधले नाही. शत्रूची चाल आधी ठाऊक असताना तोडगा का नव्हता, हा प्रश्न तिथले लोक अजून विचारतात, आणि तो रास्त आहे.

उलट बाजूही घडली. २०१८ मध्ये न्यू ऑल्बनी गावचा रोमिओ लँगफर्ड, राज्यातला त्या वर्षीचा सर्वोत्तम शालेय खेळाडू, ब्लूमिंग्टनला आला. शौकिनांना आकाश ठेंगणे झाले. तो एकच हंगाम राहिला, संघ राष्ट्रीय स्पर्धेत जागासुद्धा मिळवू शकला नाही, आणि पोरगा व्यावसायिक खेळाकडे गेला. यात मुलाचा दोष म्हणता येत नाही. बियाणे कितीही उंची असले तरी एका रात्रीत पीक येत नाही.

चौथा भाग गुरुजी बदलण्याचा. एकट्या नाइटनी २९ वर्षे काढली. त्यांच्यानंतर २०२५ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत सहा कायम प्रशिक्षक झाले: माइक डेव्हिस, सॅम्पसन, क्रीन, आर्ची मिलर, माइक वुडसन आणि डॅरियन डिव्ह्राइज. २०२१ मध्ये मिलर यांना मुदतीआधी घालवायला १ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागली. ती देणगीदारांनी दिली. अमेरिकेत कितीतरी राज्यांत सर्वांत मोठा सरकारी पगार राज्यप्रमुखाला नसून विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला असतो, तेव्हा एवढ्या रकमेचे तिथे नवल नाही. वुडसन हे तर नाइटचेच शिष्य, इंडियानापोलिसचे सुपुत्र. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांनी संघ राष्ट्रीय स्पर्धेत नेलाही. पुढची दोन वर्षे ते जमले नाही, आणि ज्या प्रेक्षागृहात ते मुलगा म्हणून खेळले तिथेच त्यांना हाकला अशा आरोळ्या उठल्या. प्रत्येक बदलाची खरी किंमत पैशांत नसते. जुन्या प्रशिक्षकाने हेरलेली मुले नव्याकडे यायला कचरतात, आलेली निघून जातात, आणि शिकवणीचा धडा पुन्हा पहिल्या पानापासून.

याच राज्यात याचे दुसरे उत्तर नांदते आहे, आणि तेच शौकिनाला जास्त खुपते. पर्ड्यू विद्यापीठ हा इंडियानाचा जुना प्रतिस्पर्धी. तिथे मॅट पेंटर २००५ पासून प्रशिक्षक आहेत. २०१३ आणि २०१४ असे लागोपाठ दोन हंगाम त्यांच्या संघाचे पराभव विजयांहून जास्त झाले. त्यांना काढले नाही. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सन या अगदी दुबळ्या मानलेल्या संघाकडून पहिल्याच फेरीत हरून पर्ड्यूची देशभर नाचक्की झाली. तरीही काढले नाही. पुढच्याच वर्षी तीच मुले घेऊन ते अंतिम सामन्यात पोचले. त्यांतला साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा झॅक ईडी हा कॅनडाचा; येताना त्याला कोणी फारसे विचारीत नव्हते. चार वर्षे तो एकाच गुरूजवळ शिकला आणि दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पर्ड्यूने बियाण्याच्या जाहिराती वाचण्यापेक्षा मशागतीला वेळ दिला, एवढाच यातला अर्थ. अंतिम सामना तेही हरले, हे सांगितले पाहिजे. सबुरीने अजिंक्यपदाची हमी मिळत नाही. पण संघ आपला वाटत राहतो.

आणि आता मूळ मुद्द्याकडे वळू. या काळात नियमही झपाट्याने बदलले. व्यावसायिक संघांनी २००६ पासून शालेय मुलाला थेट घेणे बंद केले. म्हणून उत्तम मुले एक वर्षापुरती विद्यापीठात येऊ लागली. २०१८ पासून विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची उघडी यादी ठेवली जाऊ लागली, आणि २०२१ पासून बदलीनंतर वर्षभर बसून राहण्याची जुनी अट सैल झाली. त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसा मिळवायची मुभा मिळाली. आणि २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे सर्व खेळ मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत खेळाडूंना थेट देऊ लागली. हे अन्याय्य म्हणता येणार नाही. ज्यांच्या घामावर कोट्यवधींची तिकिटे विकली गेली त्या मुलांना इतकी वर्षे शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हते, आणि प्रशिक्षक मात्र वाटेल तेव्हा जास्त पगारावर दुसरीकडे जायला मोकळा होता. पण याचा परिणाम असा की, २०२५ मध्ये डिव्ह्राइज आले तेव्हा ब्लूमिंग्टनचा जवळजवळ सबंध संघच नवा उभा करावा लागला. शौकीन प्रेक्षागृहात गेला, अंगावरचे लाल-पांढरे कपडे तेच, आणि आतली तोंडे सारी अनोळखी.

म्हणून आमच्या मते त्याची तक्रार वरवर भरतीची आणि शिकवणीची असली, तरी तिच्या बुडाशी वेळेची तक्रार आहे. कावराबावरा होऊन आलेले पोर चार हिवाळ्यांत डोळ्यांदेखत तरबेज व्हावे आणि त्या वाढण्यात आपलाही वाटा असावा, हे सुख त्याला हवे आहे. मायलनच्या गोष्टीतून त्याला तेच मिळाले होते. ते सुख नवा प्रशिक्षक आणून किंवा पाच ताऱ्यांचा मुलगा विकत घेऊन मिळत नाही. ते मिळायला कोणीतरी थांबावे लागते: मुलाने, गुरूने, आणि स्वतः शौकिनानेही. पहिल्या दोघांना थांबवणे त्याच्या हाती फारसे राहिलेले नाही. आरोळी ठोकण्याआधी आणखी एक हंगाम वाट पाहणे मात्र अजून त्याच्याच हाती आहे.